तुळशीतलं अर्थिंग

३ डिसेंबर १९६१, पुसद

पेन्शनीतल्या माणसानं रोजनिशी लिहू नये, त्यात 'जेवलो, निजलो' यापलीकडे काही येत नाही, असं मी लोकांना सांगत आलो. आज मीच वही काढली आहे, कारण मला काम मिळालं आहे.

शीलाला ऐकू येईनासं होऊन नऊ वर्षं झाली. विषमज्वरातून उठली, पण कान गेले ते गेलेच. ठार बहिरी नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं की कळतं. पण ओरडावं लागतं, आणि 'भाजीत मीठ कमी आहे' म्हटलं की समोरच्या घरातून मीठ यावं इतक्या मोठ्यानं. नऊ वर्षांत नवराबायकोचं म्हणून जे बोलणं असतं ते या घरात झालेलं नाही. धड भांडताही येत नाही, अख्खी आळी पंच होऊन बसते. आमच्या मुलाच्या, नीळकंठच्या लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का, हे मी हिला विचारू शकलो नाही, कारण व्याही ओसरीवर बसले होते.

सगळी हयात तार ऑफिसात काढली. अजून गाव मला तारमास्तरच म्हणतं. दोनशे मैलांवरची टिकटिक मी झोपेतही उतरवून घेत असे, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या बायकोशी हळू बोलायची सोय नाही! तेव्हा ठरवलं, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर करायचा. मायक्रोफोन माझ्यापुढे, हेडफोन तिच्या कानांवर. मी हळू बोलेन, ती ऐकेल. नीळकंठ नागपूरहून सामान पाठवतो म्हणालाय. 'बाबा, जपून' असंही त्यानं लिहिलंय. मी विजेची कामं करत होतो तेव्हा हा पाटीवर श्री गिरवत होता.

१९ डिसेंबर

सामान आलं. ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, चोक, कंडेन्सर आणि हे सगळं बसवायची पत्र्याची चासी. माजघरात पसारा मांडून बसलो. लालीबाई दूध घालायला आली ती दारातच थबकली.

ही लालीबाई गावाबाहेरच्या तांड्यावरची. दूध घालते, आमचं अंगण सारवते, आणि शीलाशी तास न् तास बोलते. बोलते म्हणजे काय, हातवारे आणि डोळे. मला जे ओरडूनही जमत नाही ते हिला बोटांनी जमतं. मला याचा हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू.

"मास्तर, हे कायच्यासाठी करून राह्यले जी?"

"बाईंना ऐकू यावं म्हणून."

"मंग मीबी बोलीन त्याच्यात," ती म्हणाली, आणि खळखळून हसली.

२७ डिसेंबर

आज पहिली परीक्षा झाली, आणि नापास झालो.

शीला न्हाऊन, नवं लुगडं नेसून बसली होती. हेडफोन चढवले. मी मायक्रोफोनशी तोंड नेऊन म्हणालो, "शीला." तिनं भुवया आवळल्या. पुन्हा म्हणालो. तिनं हेडफोन काढले आणि तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "आत भुंगा आहे हो. भुंग्याशिवाय काही नाही."

मी स्वतः कानाला लावून पाहिलं. खरंच, यंत्र चालू केलं की आत घूंऽऽ अशी गुणगुण. आवाज वाढवावा तशी तीही वाढते. चांगल्या कानाला ती बाजूला सारता येते. शीलाच्या कानाला नेमका तोच खर्ज तेवढा चांगला ऐकू येतो. देवानं काय शिल्लक ठेवलं पाहा.

१४ जानेवारी १९६२

व्हॉल्व्हला जाणाऱ्या तारांना पीळ दिला, फिल्टरचा कंडेन्सर मोठा बसवला. भुंग्याची माशी झाली. पण दुसरंच लचांड निघालं. दिवसभर हेडफोनात चरचर, मधूनच फटाका. जिनिंगच्या मोटारी! कापसाचा हंगाम जोरात आहे आणि आमची लाइन त्यांच्याच खांबावरून येते. वीजही पाटाच्या पाण्यासारखीच म्हणायची. वरच्या अंगाला कुणी म्हशी धुतल्या की खालच्याच्या घागरीत गढूळ येतं.

शीला रोज संध्याकाळी हेडफोन लावून पाहते, मान हलवते आणि उठून जाते. तक्रार करत नाही. केली असती तर बरं वाटलं असतं.

२३ जानेवारी

जमलं! जमलं!

दोन गोष्टी केल्या. मागच्या अंगणात खड्डा घेतला, तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ, वर चार घागरी पाणी. तिथून तार आणून चासीला जोडली. तार ऑफिसात आम्ही असंच अर्थिंग करायचो, म्हणजे यंत्राची जमिनीशी जोडणी. उन्हाळ्यात रोज त्याला पाणी घालायला माणूस ठेवलेला असे. दुसरं, लाइनच्या तारेपासून चासीपर्यंत एक कंडेन्सर टाकला, म्हणजे लाइनमधला कचरा चासीत आणि चासीतून जमिनीत. नवा कंडेन्सर नव्हता, जुन्या मेलेल्या रेडिओतला काढून लावला. मेणकागदाचा आहे, पण चांगला दिसतो.

संध्याकाळी मी हळूच म्हणालो, "शीला."

ती दचकली. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमचा आवाज म्हातारा झाला."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी रडत होतो, तीही रडत होती, आणि आळीत कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

५ फेब्रुवारी

अष्टग्रही संपली. आठ ग्रह एका राशीत आले, तरी पुसद जागच्या जागी आहे. तीन दिवस गावात होम, जप, भोंगे. जग बुडालं नाही म्हणून काही मंडळी चक्क हिरमुसलेली दिसतात.

२ मार्च

गुणगुण परत आली. पूर्वीपेक्षा जास्त.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमची काळी माती. होळी आली नाही तोच हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. पत्र्याभोवतीची माती पत्र्याला सोडून बाजूला झाली. घागरीमागून घागरी ओतल्या, पाणी भेगेतून कुठे पाताळात जातं देव जाणे. विहीरही तळाला गेली आहे, किती ओतणार?

शीलानं हेडफोन नीट पुसून, फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवले. "राहू द्या आता," म्हणाली. "झालं तेवढं पुष्कळ झालं."

मला भयंकर राग आला. पुष्कळ म्हणजे काय? आम्ही अजून बोललोच कुठे? मी कानाशी जाऊन ओरडलो, "मी सोडणार नाही!" समोरच्या ओसरीवरच्या बाई उठून उभ्या राहिल्या.

९ मार्च

उपाय डोळ्यांसमोर होता आणि मी विहिरीत डोकावत बसलो होतो!

या घरात बारा महिने ओली असलेली माती एकाच ठिकाणी आहे. तुळशीवृंदावनात. शीला सकाळी पाणी घालते, दिवेलागणीला घालते, आणि ऊन चढलं की वर भोक पाडलेल्या मडक्याची गळती टांगते ती पार पाऊस पडेपर्यंत. तार ऑफिसातल्या गड्यानं कधी अर्थिंगला इतक्या निष्ठेनं पाणी घातलं नाही.

शीला कबूल होईना. "तुळशीत काय पुरता?"

"तांबं आहे, तांबं!" मी ओरडलो. "पूजेची भांडी कशाची असतात?"

मग ती बाजूला सरली. वृंदावन वीट-चुन्याचं, कमरेएवढं, फरशीच्या चौथऱ्यावर आहे. मूळ सांभाळून पत्रा आत सरकवला आणि तार गिलाव्यात बुजवली. कुणाला दिसायची नाही.

१२ मार्च

शांत. इतकं शांत की शीलानं विचारलं, "बंद पडलं का?"

आता रोजचा क्रम असा बसला आहे. दिवेलागणीच्या आधी मी यंत्र चालू करतो, कारण व्हॉल्व्ह तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. तोवर शीला तुळशीला पाणी घालते, दिवा लावते, हात जोडते, आणि मग येऊन बसते. आज आम्ही तिच्या माहेराबद्दल बोललो, माझ्या आईबद्दल बोललो. आईनं तिला किती छळलं ते तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. ओरडून सांगण्यासारखं नव्हतंच ते. मी ऐकून घेतलं.

१६ मार्च

लालीबाईला मायक्रोफोनपुढे बसवलं. पाच मिनिटं लाजली. पदर दाताखाली, बांगड्यांचा खळखळाट, आणि मग अगदी हळू म्हणाली, "बाई, ऐकू येते का वो? मी लाली."

सहा वर्षांची यांची ओळख. शीलानं आजवर हिचा आवाज ऐकला नव्हता. ऐकला आणि म्हणाली, "अगं, किती गोड बोलतेस तू." लालीबाईनं मायक्रोफोनच कवटाळला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

३० मार्च

शीलाची नवी कुरकुर. तुळशीशी दिवा लावताना हाताला मुंग्या येतात म्हणे. वय झालं, वात आहे. एरंडेल घे म्हणालो. ती म्हणाली, "सकाळी येत नाहीत. संध्याकाळीच येतात." वात संध्याकाळीच वाढतो, हे तिच्या माहेरच्या वैद्यांनी तिला शिकवलेलं दिसत नाही.

११ एप्रिल

लालीबाईलाही मुंग्या! आज संध्याकाळी तिनं तुळशीच्या ओल्या मातीला हात लावून कपाळाला लावायला घेतला आणि हात झटकून मागे झाली. मग तशीच, ओल्या फरशीवर, गुडघ्यांवर बसली.

"याडी जागी झाली, बाई," ती म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "मले तिनं हातानं धरल्यावाणी वाटलं."

शीलाला शब्द ऐकू आले नसतील, पण चेहरा दिसला. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी आतून पाहत होतो. यंत्र तापलं होतं, आणि या दोघींमुळे बोलायला उशीर झाला.

१८ एप्रिल

गावाला कामधंदा नाही. अष्टग्रहीत काही घडलं नाही ते आता माझ्या अंगणात घडतं आहे. संध्याकाळी आठ-दहा बायका येतात. पाणी घालतात, हात लावतात, 'हां! हां!' करतात, कुणी रडतं. काल बाजारपेठेतली एक म्हातारी आली, तिच्या आखडलेल्या बोटात म्हणे जीव आला. सकाळी हीच तुळस गप्प असते. देवीचं हे ऑफिस दिवेलागणीलाच उघडतं!

विज्ञानाच्या युगात, ज्या घरात विद्युत्‌यंत्र चालतं त्याच घराच्या अंगणात हा अडाणीपणा. मला शरम वाटते.

२१ एप्रिल

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून आज दिवेलागणीला सर्वांदेखत तुळशीपाशी गेलो. अंगणात पाण्याचा असा रेंदा की चालवत नाही. नेहमीप्रमाणे खडावा पायात होत्याच.

"मास्तर, खडावा काढा जी," लालीबाई म्हणाली. "याडीसमोर खडावा?"

मी दर्शनाला आलो नव्हतो. खडावांसकट उभा राहिलो आणि पंजा मातीत रोवला. काही नाही. मुंगी नाही, माशी नाही. "पाहा!" म्हणालो. "आहे काही?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक पुटपुटली, "पुरुषाले कायले दाखवन थे?"

आपलं मन उघडं ठेवावं म्हणून आतून माझा जुना गॅल्व्हानोमीटर आणला. तार ऑफिसात लाइनमध्ये प्रवाह आहे की नाही ते यावर पाहायचो. एक टोक मातीत, एक फरशीवर. काटा शून्यावर, हललासुद्धा नाही. काटा खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. शीला दारातून पाहत होती. मला वाटलं होतं तिला माझा अभिमान वाटेल. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला नाही लागलं, म्हणून आम्हाला लागत नाही का?"

२ मे

ऊन असं की पाखरं पडताहेत. संध्याकाळीसुद्धा माजघरात भट्टी. यंत्राखाली मेणाचे दोन थेंब पडलेले दिसले, पुसून टाकले. उकाड्यानं माणसं वितळायला आलीत, मेणाचं काय. आवाज मात्र उत्तम.

शीला म्हणते, आताशा मुंग्या नाहीत, चटका बसतो. ती लांबूनच पाणी घालते. घाबरते, आणि तरी रोज जाते. मी म्हटलं, "मग नको घालूस." तर म्हणाली, "असं कसं नको?"

आज तिनं मला विचारलं, नागपूरला नीळकंठकडे जाऊन राहायचं का. मी म्हटलं, तिथे जिनिंग नाही, लाइन स्वच्छ असेल. ती म्हणाली, "लाइनसाठी नाही विचारलं. तुमच्यासाठी विचारलं." हे असं बोलणं होतं आता आमच्यात.

१० मे

काल लालीबाई गेली. आमच्या अंगणात, तुळशीपाशी.

क्रमानं लिहितो. काल यंत्र लवकर चालू केलं होतं. आम्ही नागपूरचंच बोलत होतो. तिकडे गेलो तर लालीबाईशिवाय शीलाला करमेल का, हे. शीला हसत होती. दिवेलागण झाली तशी ती उठू लागली. बोलणं मोडू नये म्हणून मीच मायक्रोफोनवर म्हणालो, "बस गं. आज लालीबाई लावेल दिवा." आणि बाहेर हाक मारून तिला तसं सांगितलं.

"मी? मी लावू?" तिला खरं वाटेना. बायकांच्या गर्दीत तिला नेहमी मागेच उभं राहावं लागायचं, आणि दिवा तर शीलाचाच. काल बायकाही नव्हत्या, कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या. तिनं घागर घेऊन हातपाय धुतल्याचा आवाज मी ऐकला.

थोड्या वेळानं शीलानं एकदम कान धरले आणि हेडफोन ओढून काढले. "आला! भुंगा आला परत!" मी यंत्रावर वाकलो. आवाज कमी केला, जास्त केला, तारा हलवल्या, व्हॉल्व्ह दाबून पाहिले. जिनिंगला शिव्या दिल्या, आणि मग आठवलं की जिनिंग बंद झाल्याला पंधरवडा होऊन गेला. काही केल्या गुणगुण जाईना. शेवटी वैतागून बटण बंद केलं.

बंद केलं आणि अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तांब्या फरशीवरून गडगडत गेला. मला वाटलं मांजर.

शीला आधी गेली. तिची किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. लालीबाई कुशीवर पडली होती, हात मातीनं भरलेले, दिवा विझलेला.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा, हृदय बंद पडलं. बायका म्हणाल्या, याडीनं नेली. कुणीही आत येऊन यंत्राकडे पाहिलं नाही. मीही नाही.

१२ मे

आज यंत्र उलटं करून पाहिलं.

लाइनवरचा तो कंडेन्सर. जुन्या रेडिओतला. मेण गळून गेलेलं, आतला कागद जळून काळा. दोन्ही टोकं आतल्या आत चिकटलेली. म्हणजे लाइनची वीज सरळ चासीत, आणि चासीतून माझ्या तारेनं सरळ तुळशीत. चांगला होता तेव्हाही थोडी पाझरतच असणार. त्या मुंग्या.

आणि वृंदावन. ओल म्हणजे अर्थिंग, हे माझं शहाणपण. ती ओल वीट-चुन्याच्या पेटीतली, फरशीवर ठेवलेली. गुणगुण जिरवण्यापुरती ती पुरली, पण खऱ्या जमिनीचा तिला पत्ताच नव्हता. वीज खाली जाणार कशी? तिथेच साचून राहिली, कुणी ओल्या पायांनी, अनवाणी हात लावेपर्यंत. माझ्या पायात लाकडी खडावा होत्या. आणि तो गॅल्व्हानोमीटर बॅटरीच्या प्रवाहाचा. घरातली वीज क्षणाक्षणाला उलटसुलट धावते, त्यावर तो काटा हलतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आठवलं नाही. मी आयुष्यभर त्या काट्यावर विसंबलो.

मी बटण बंद केलं तेव्हा ती पडली. म्हणजे बंद करेपर्यंत ती पडलेली नव्हती. विजेनं तिला तिथे धरून ठेवलं होतं, आणि तेवढा वेळ मी आत बटणं फिरवत होतो.

तार चासीपासून तोडली. पत्रा काढता येत नाही. अंगणात सकाळपासून रांग आहे, नारळांचा ढीग झाला आहे. सर्वांदेखत तुळस उकरून काय सांगू?

शीला सारखी म्हणते, "यंत्र लावा ना. मला लालीबाईबद्दल बोलायचंय. ओरडून नको." मी हातानं खूण केली, जळलं.

१४ मे

सकाळी लखीराम आला, लालीबाईचा नवरा. बरोबर तांड्याचा नाईक खेमसिंग. मला वाटलं, कळलं यांना.

लखीरामनं माझे पाय धरले. "मास्तर, माह्या बाईले याडीनं तुमच्या दारात बोलावलं. असं मरण कोनाले भेटते जी? एक मागनं हाय. हे रोप आमाले द्या. तांड्यावर ओटा बांधून लावतो. लेकरं तिथं हात जोडतीन."

खेमसिंग म्हणाला, "नाई म्हनू नका मास्तर. तांडा तुमचं नाव काढीन."

मी म्हटलं, न्या. सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितो, कारण तसं वाटलं. पत्र्याची आठवण झाली तोवर लखीराम माती उकरायला बसला होता. देवाचं काम म्हणून कुदळ घेतली नाही, बोटांनी उकरत होता. पत्रा त्याच्या हाताला लागला. हिरवा पडलेला, तारेचा तुकडा लोंबत असलेला.

"हे काय होय, मास्तर?"

विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप निघालं. "तांब्याचा पत्रा आहे. पूजेचा. वृंदावनात घालतात."

त्यानं तो कपाळाला लावला. खेमसिंगनंही लावला. मग धोतराच्या सोग्यानं पुसून, उपरण्यात बांधून, रोपाच्या पाटीत ठेवला आणि पाटी डोक्यावर घेऊन दोघे निघाले.

शीला दारात उभी होती. "तो तुमचा पत्रा ना?" तिनं विचारलं. "त्याला काय म्हणून दिलात?"

मी हात हलवला, काही नाही.

ती जागची हलली नाही. "तुळशीतली तार यंत्राला होती. यंत्र चालू असलं की मुंग्या यायच्या. यंत्र बंद झालं आणि लालीबाई पडली. तेव्हापासून यंत्र जळलंय म्हणता." नऊ वर्षं बहिरी असलेल्या माणसाला बघण्यापलीकडे काम नसतं. तिनं सगळं पाहिलेलं होतं. "लालीबाई कशानं गेली?"

आणि कान माझ्या तोंडाशी आणला. हळू बोललेलं ऐकायची या दोन महिन्यांची सवय.

मी हळू सांगितलं. ती म्हणाली, "नाही आलं ऐकू."

जरा मोठ्यानं सांगितलं. "नाही आलं."

समोरच्या ओसरीवर बाई होत्या. लखीराम आळीच्या कोपऱ्यावर पोचला होता. मला वाटलं, उद्या सांगू, दार लावून सांगू. पण दार लावूनही तिला सांगायचं तर ओरडावंच लागणार, आणि आमच्या भिंतींतून आजवर काय लपलंय? ती वाट पाहत होती. तिचा कान मला दिसत होता, भोक पडलेली पाळी, कानामागचे पांढरे केस.

मी ओरडलो. "माझ्यामुळे! तुळशीत वीज होती! मी घातली होती! ती विजेनं मेली, शीला, माझ्या यंत्राच्या विजेनं!"

खिडक्या उघडल्या. लखीराम थांबला. मग त्यानं पाटी उतरवून खेमसिंगजवळ दिली, उपरण्याची गाठ सोडून पत्रा हातात घेतला आणि परत आमच्या दाराकडे चालत आला. शीलानं माझा हात धरला होता, तो सोडला आणि त्याच्यासाठी दार पूर्ण उघडलं.

त्यानं मला मारलं नाही. मारेल म्हणून मी उभाच होतो. तो ओसरीवर बसला, पत्रा मांडीवर घेऊन, आणि जमिनीकडे बघत त्यानं एवढंच विचारलं.

"मास्तर, तिचा जीव लवकर गेला का जी?"

शीला माझ्या तोंडाकडे बघत होती. 'हो' म्हणणं सोपं होतं, आणि तिला ते ऐकूही गेलं नसतं. मी आत बटणं फिरवत होतो ते त्याला सगळं सांगितलं, दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.